कर्सर ‘कै.’पाशी उभा आहे

अहो,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तेवढ्यात लक्षात आलं की हा तुमचा रोग आहे, तो मला लागायला नको. म्हणून नुसतं ‘अहो’. सगळा संसार तेवढ्यावर भागला, एक पत्र भागायला काय हरकत आहे?

आज लिहायला बसले त्याला कारण तुमचे बंधुराज. अरविंद भाऊजी सकाळी पालघरहून आले आणि तुमचा लॅपटॉप परत देऊन गेले. तुमच्या तेराव्याला “दादाचं पुस्तक मी मार्गी लावतो, वहिनी,” म्हणत काखोटीला मारून नेला होता, तो वर्षश्राद्ध तोंडावर आलं तेव्हा घरी आला! उद्या संध्याकाळी म्हणे फाइल छापखान्यात द्यायची आहे. “तुम्ही फक्त शुद्धलेखन बघून ठेवा. तुमचा टायपिंगचा हात आहे.” म्हणजे तुम्ही गेलात तरी मी या घरातली टायपिस्टच.

चहा पिऊन ते गेले. मी कप विसळले, खुर्ची ओढली आणि फाइल उघडली. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. मला एकच गोष्ट बघायची होती आणि त्यासाठी मी वर्षभर थांबले होते.

ती सोय तुम्हाला मी किती वेळा सांगितली होती! फाइल कितीही लांब असो, उघडल्यावर शिफ्ट धरायचं आणि एफ-फाइव्ह दाबायचं. कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी उभी रेघ, आपण शेवटचा हात जिथे फिरवला होता तिथे थेट जाऊन उभी राहते. शोधायला नको, पानं सरकवत बसायला नको. तुम्ही ऐकून घ्यायचात, चष्मा पुसायचात आणि म्हणायचात, “मी कुठे थांबलो हे यंत्राने मला सांगायची गरज नाही, नलू.”

गरज नव्हती! रोज सकाळी फाइल उघडायचात ती पहिल्या पानापासून. मग माऊसचं चाक फिरवत निघायचात पुढच्या कामाला, आणि दुसऱ्याच परिच्छेदात ‘दक्षता’ चांगलं की ‘सावधानता’ चांगलं यावर मुक्काम पडायचा. तो मुक्काम उठेपर्यंत जेवणाची वेळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पान. ‘सावधानता’ जाऊन ‘दक्षता’ परत! नमनाला घडाभर तेल म्हणतात, तुमचा तर अख्खा घाणा नमनात आटला. पहिलं प्रकरण घासून घासून लखलखीत केलंत आणि शेवटचं प्रकरण अर्ध्या वाक्यावर सोडून गेलात.

आणि पुस्तकाचं नाव काय, तर ‘कारखान्यातील सुरक्षितता : अनुभव आणि चिंतन’. चिंतन! रिटायर झालेल्या प्रत्येक पुरुषाला हे चिंतन कुठून सुचतं हो? आमच्या ऑफिसातल्या बायका रिटायर झाल्यावर गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेल्या. एकीनेही चिंतन केल्याचं ऐकलं नाही.

असो. तुम्ही गेलात ती सकाळ मला सांगायची आहे, कारण तुम्ही ती अर्धीच पाहिलीत. तुम्ही जेवणाच्या टेबलाशी हीच फाइल उघडून बसला होतात. मी ओट्याशी पोहे परतत होते. मागून टकटक ऐकू येत होती. मग ती थांबली. मला वाटलं, अडला शब्द. तुमचा रोजच एक अडायचा. मी पोह्यांवर झाकण ठेवलं, वाफ येऊ दिली, कोथिंबीर चिरली. आरामात चिरली हो मी कोथिंबीर! वळून बघितलं तेव्हा तुमची मान बाजूला कललेली होती.

पुढच्या धावपळीत लॅपटॉप कुणीतरी मिटून फ्रिजवर ठेवला. पण दर ओळीनंतर फाइल जतन करायची, ही मी लावलेली एकुलती एक सवय तुम्हाला लागली होती. म्हणजे त्या सकाळी तुमचं शेवटचं अक्षर कुठे पडलं, ते त्या फाइलला ठाऊक होतं. पहिल्याच पानावर ‘दक्षता’ घासत असताना गेलात, की एकदाचे त्या शेवटच्या पानापर्यंत पोचला होतात? तेरा दिवस माझा हात त्या लॅपटॉपला लागला नाही. मग भाऊजी घेऊन गेले. वर्षभर मी मनाला सांगत होते, येऊ दे परत, एकदा शिफ्ट आणि एफ-फाइव्ह दाबायचं आणि काय ते कळेल.

दाबलं आज. कर्सर गेला पहिल्या पानावर, पुस्तकाच्या नावाखाली, तुमच्या नावाच्या डोक्यावर. तिथे नवीनच काहीतरी होतं. ‘कै.’

कै. श्री. मधुकर! कै. पण आणि श्री. पण! गेलेले आणि तरीही हजर. मस्टरवर सही ठोकून कँटीनला गेलेल्या माणसासारखे.

मी तिथल्या तिथे भाऊजींना फोन लावला. “हो वहिनी, मीच घातलं ते,” म्हणाले, “तेवढं तर करायलाच हवं होतं ना? आणि आठवणीने सेव्हही केलं हं!” आठवणीने! अकरा महिने लॅपटॉप स्वतःच्या कपाटात ठेवून या गृहस्थांनी तुमच्या पुस्तकात काय काम केलं, तर एक अक्षर आणि एक टिंब. आणि तेवढ्याने तुमची शेवटची जागा पुसली गेली. आता कोणी कितीही वेळा ती बटणं दाबली तरी कर्सर ‘कै.’पाशीच जाऊन उभा राहणार. कुठल्या शहाण्याला सांगू हे? भाऊजींना सांगितलं तर म्हणतील, “मग काय झालं? शेवट तर ‘कै.’च ना!”

मी विचारलं, “बाकी वाचलंत का?”

“चाळलं की. पहिलं प्रकरण फार सुंदर उतरलंय. दादाची भाषा म्हणजे काय! शेवटचं मात्र अर्धवट आहे, वाक्यसुद्धा पुरं नाही. ते आपण काढून टाकू या. श्रद्धांजलीचं पुस्तक आहे, बरं नाही दिसत.”

बरं नाही दिसत. तुमच्या घराण्याचं हे ब्रीदवाक्य छान फ्रेम करून दारावर लावलं पाहिजे. लग्नात मी नोकरी करते हे सासूबाई कोणाला सांगायच्या नाहीत, बरं दिसत नाही म्हणून. तुमची बढती हुकली ते तुम्ही गावी सांगितलं नाहीत, बरं दिसत नाही म्हणून. आणि आता देवरामचं प्रकरण काढायचं. का? तर बरं दिसत नाही.

देवरामचं नाव निघालं की तुम्ही पाण्याचा पेला मागायचात. आता कुठून मागाल? ऐका गुमान.

बेटेगावचा देवराम. ठेकेदाराकडचा माणूस. पावसाळ्यात स्वतःची भातशेती लावायची आणि बाकीचे महिने तुमच्या प्लॅन्टवर पडेल ते काम. आपल्याकडे एकदा माळा साफ करायला तुम्हीच पाठवला होतात. काम झाल्यावर माझ्या झाडूनेच जिनासुद्धा झाडून गेला होता. कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी त्याला टाकीत उतरून तळ साफ करायचा होता. माणूस टाकीत उतरायच्या आधी शिफ्टच्या साहेबाने स्वतः शिडी चढून वर जायचं, आत वायू उरलाय का ते मोजायला लावायचं, डोळ्यांनी बघायचं, आणि मगच परमिटवर सही करायची. हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच, जेवताना, शंभरदा. पण त्या दिवशी परमिट तुमच्या टेबलावर आलं आणि तुम्ही टेबलावरच सही केलीत. उंटावरून शेळ्या हाकल्यात! कारण तुम्हाला वेळ नव्हता. कारण सुरक्षा सप्ताहाचं भाषण दुसऱ्या दिवशी होतं आणि तुम्ही त्यातला एक शब्द बदलत होतात.

कुठला शब्द होता हो तो? एवढं मला कधी सांगितलं नाहीत.

त्या संध्याकाळी शिफ्टच्या बसने घरी आलात. हातपाय धुतलेत, पाटावर बसलात. मी भाकरी वाढली. तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, “नलू, सही करण्याआधी मी वर गेलो नाही.” आणि मग ती भाकरी खाल्लीत. आमटीत कुस्करून, नेहमीसारखी. तुमच्या त्या सहीचा राग मला नंतर आला, आधी आला तो त्या भाकरीचा. माणूस टाकीतून मेलेला बाहेर काढला होता आणि तुम्ही “मीठ कमी आहे” म्हणालात.

मग चौकशीचा अहवाल झाला. काय चोख भाषा! ‘सदर कामगाराने सूचनांचे पालन न करता टाकीत प्रवेश केला.’ खाली सही तुमची. बेटेगावात पोचेपर्यंत त्या वाक्याला पाय फुटले. आधी ‘ऐकलं नाही’, मग ‘शुद्धीत नव्हता’, आणि शेवटी ‘देवराम ताडी पिऊन टाकीत उतरला’.

तरी एक कबूल करते, कारण खोटं लिहायची सवय मला नाही. रिटायर झाल्यावर तुम्ही एकटेच रिक्षा करून बेटेगावला गेलात. देवरामच्या बायकोला, जानकीला, म्हणालात की मी पुस्तक लिहितोय, त्यात खरं काय झालं ते लिहीन आणि छापायच्या आधी तुला वाचून दाखवीन. त्या दिवशी परत आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडे मी नीट बघितलं होतं. मनात म्हटलं, चला, माणूस आहे अजून आत कुठेतरी.

पण मग तुमचं ते रोजचं पहिलं पान! मी समजत होते, नवऱ्याला कॉम्प्युटर येत नाही आणि बायकोकडून शिकायला लाज वाटते. पुरुषांची जुनी खोड. त्यात काय नवल? मी तुम्हाला अडाणी समजत होते आणि त्या समजुतीत सुखी होते. आज दुपारी ते सुखही गेलं.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर नरेश आला होता. तुमच्या कंट्रोल रूममधला पॅनेल ऑपरेटर, तोच, सालवडला राहतो तो. प्लॅन्टवर तुमचा फोटो लावायचाय, म्हणून मागायला आला होता. हो, लावणार आहेत. ‘सुरक्षेचा ध्यास घेतलेले व्यक्तिमत्त्व’ असं खाली लिहिणार आहेत! शोकसभेतही तुमचे मोठे साहेब हेच म्हणाले होते. मी पहिल्या रांगेत बसून पदर तोंडावर धरला होता. लोकांना वाटलं रडतेय.

नरेशसमोर लॅपटॉप उघडाच होता. मी भरलेलीच होते, त्याला सगळं ऐकवलं. भाऊजी, ‘कै.’, पुसली गेलेली जागा. त्याला कळावं म्हणून शिफ्ट आणि एफ-फाइव्ह दाबूनही दाखवलं.

तो म्हणाला, “काकू, हे तर आमाला माहीत हाय. साहेबांनीच शिकवलेलं.”

“कोणत्या साहेबांनी?”

“आपल्या. कंट्रोल रूमला एकच मोठी फाइल हाय ना रिपोर्टची. तिन्ही शिफ्ट त्याच्यातच लिवतात. साहेब बोलायचे, वरून वाचत येऊ नका रे, मागचं वाचत बसाल तर आजचं राहील. शिफ्ट एफ-फाइव्ह मारा, आधीचा माणूस जिथं थांबला तिथून चालू करा. नवीन पोरगा आला की पयला हेच शिकवायचे.”

माझ्या हातात पेढ्याचा डबा होता. तो तसाच राहिला.

“मग ते स्वतः का नाही वापरायचे?” मी विचारलं.

नरेश म्हणाला, “वापरायचे ना. देवरामची केस झाली तवापासून बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आले, फाइल उघडली, एफ-फाइव्ह मारलं. आदल्या दिवशी त्याच्यानंतर प्लॅन्ट बंदच होता, म्हणून शेवटचं तेच लिवलेलं ना, देवरामचं. सरळ तिथंच गेला कर्सर. साहेब उठून भायेर गेले. त्याच्यानंतर कदी नाय मारलं. वरूनच खाली यायचे, हळूहळू. आमी बोललो, साहेबांचं वय झालं.”

वय झालं!

म्हणजे अडाणी नव्हतात तुम्ही. सगळं येत होतं. मी इतकी वर्षं टेबलाशी उभी राहून तुम्हाला ती दोन बटणं दाखवत होते आणि तुम्ही चष्मा पुसत होतात. माझ्यासमोर अडाणी ठरणं तुम्हाला चाललं, पण ती बटणं दाबणं चाललं नाही. भित्रे होतात तुम्ही. साधेसुधे, नेहमीचे, इस्त्रीच्या शर्टातले भित्रे. अडाणी नवऱ्याबरोबर बाई हसतखेळत संसार करते. भित्र्याबरोबर केला हे आता या वयात कळायचं होतं का मला?

नरेश गेल्यावर मी रडले. तुमच्यासाठी नाही. म्हणजे तुमच्यासाठीच, पण त्याचं श्रेय घेऊ नका. मला दिसत राहिलं की तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून त्या पहिल्या पानावर येऊन बसायचात आणि तिथून चालत निघायचात, त्या टाकीकडे. आणि रोज वाटेतच कुठेतरी टेकायचात. एकदा तरी मला हाक मारायचीत! “नलू, मला तिथवर नेऊन सोड,” एवढंच म्हणायचं होतं. मी दोन बटणं दाबली असती, शेजारी खुर्ची घेऊन बसले असते. शिव्या दिल्या असत्या, पण बसले असते.

तुमच्या त्या शेवटच्या पानावर मी मग माऊसचं चाक फिरवत गेले. शेवटचं वाक्य अजून तसंच आहे. ‘त्या दिवशी परमिटवर सही करण्याआधी मी वर’. बस. पुढे कोरं. कधी लिहिलं होतंत कोण जाणे. गेल्या वर्षी, त्याच्या आधी, की त्याच सकाळी, मी पोहे परतत असताना? टकटक थांबली ती याच शब्दावर थांबली का? तसं असेल तर तुम्ही पोचला होतात, आणि मी तुम्हाला भित्रे म्हटलं ते निम्मं तरी मागे घ्यायला हवं. पण ते आता कळायचं नाही. तुमच्या भावाच्या एका टिंबाने ती वाट बुजवली. त्यामुळे मी काही मागे घेत नाही. पुरावा नाही तर माफी नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही, म्हणजे सांगायला तुम्ही नव्हतात. तुमच्या दहाव्याला जानकी आली होती. आत या म्हटलं तरी आली नाही, दारातल्या पायरीवर बसली. हातात पानात बांधलेली शेवग्याची फुलं होती, भाजीसाठी. भाऊजी तिच्या अंगावरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा “कोण बाई आहे?” असं मला विचारलं. शेवटी मी तिच्याजवळ जाऊन बसले.

ती म्हणाली, “बाय, साहेबांनी लिवलं का ते?”

मी म्हणाले, “होत आलंय.”

“नाय, मना काय नको. पन पोरीला सासरी बोलतात. तुझा बापूस पिऊन मेला, बोलतात. मी सांगते, तो त्या दिवशी प्याला नव्हता. सकाळी माझ्या हातची पेज पिऊन गेला. पन माझं कोन ऐकतंय? साहेबांनी लिवलं तर ऐकतील ना?”

“ऐकतील,” मी म्हणाले.

तिने ती फुलं माझ्या ओटीत ठेवली आणि उठली. जाताना दारातूनच तुमच्या फोटोला तिने हात जोडले. मला तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवावासा वाटला होता.

ऐका, ‘होत आलंय’ असं मी तिला सांगितलं. तुमच्यासाठी मी आयुष्यात एकच थाप मारली आणि ती त्या बाईला मारली. गेलं वर्षभर ती थाप माझ्या घशात अडकली आहे, आणि तुमचे भाऊ मला शुद्धलेखन तपासायला सांगतायत.

तर मी आज काय केलं ते आता लिहिते. तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या आवडीनिवडी वर्षभरापूर्वीच संपल्या.

आधी पहिल्या पानावर गेले आणि ‘कै.’ खोडलं. ‘श्री.’सुद्धा खोडलं. मधुकर एवढंच ठेवलं. जो माणूस ‘मी’ म्हणून लिहितोय तो कैलासवासी कसा असेल? हे वरचं काम आधी उरकलं, कारण कर्सर शेवटच्या बदलापाशी जातो आणि त्याला मला पुन्हा वर पाठवायचं नव्हतं. मग खाली आले. शेवटच्या पानावर, त्या ‘मी वर’ नंतर बोट ठेवलं.

टायपिस्ट आहे मी. इतकी वर्षं साहेब लोकांनी तोंडाने सांगितलेलं मी कागदावर उतरवलं. पदरचं एक अक्षर कधी घातलं नाही, ऐकलेलं एक कधी गाळलं नाही. त्या संध्याकाळी पाटावर बसून तुम्ही जे मला सांगितलंत तेच मी टाइप केलं.

‘गेलो नाही.’

मग पूर्णविराम. मग त्याखाली माझ्या नावाने लिहिलं की हे वाक्य माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याजवळ बोलून दाखवलं होतं, टाकीत उतरलेला देवराम शुद्धीत होता, आणि त्याला उतरायची परवानगी याच सहीने मिळाली होती. भाषा काही चोख नाही. ‘दक्षता’ नाही, ‘सावधानता’ नाही. तुम्हाला करमलं नसतं त्या परिच्छेदात.

जतन केलं. फाइल बंद केली, पुन्हा उघडली, ती दोन बटणं दाबली. कर्सर पहिल्या पानाकडे ढुंकूनही न बघता सरळ खाली गेला आणि त्या शेवटच्या पूर्णविरामापाशी उभा राहिला. एवढंच तर करायचं होतं हो!

भाऊजींना फोन करून सांगितलंय, प्रकरण राहील, नाहीतर पुस्तक राहील माझ्या कपाटात. ते “दादाला काय वाटेल?” म्हणाले. मी म्हटलं, “त्यांना काय वाटायचं ते त्यांनी अर्धं लिहून ठेवलंय.” त्यावर म्हणाले, “बरं दिसेल का, वहिनी?” मी फोन ठेवला. त्यांचा दोष नाही, रक्तातच आहे तुमच्या.

संपवते आता. बाहेर एमआयडीसीचा तो नेहमीचा वास सुटलाय, खिडकी लावून घ्यायला हवी. तुम्ही असता तर “वारा फिरलाय” म्हणाला असतात आणि बसून राहिला असतात. खिडकी मीच लावली असती. तो शेवटचा शब्द तेवढा तुम्ही लावायला हवा होतात. मला नव्हतं हो करायचं हे टायपिंग.

शब्द देते तो असा. उद्या फाइल छापखान्यात जायच्या आधी, सकाळी मी लॅपटॉप घेऊन बेटेगावला जाणार. जानकीच्या अंगणात बसून फाइल उघडीन आणि तिला म्हणेन, हे बटण धर आणि ते दाब. ती दाबेल. तुम्ही ज्या जागी जायला इतकी वर्षं घाबरलात, तिथे ती एका बोटाने तुम्हाला घेऊन जाईल. मग मी वाचून दाखवीन. तिच्या मुलीलाही बोलावून घे म्हणून निरोप धाडलाय.

तुम्हीही या. आणि या वेळी वर या, टेबलाशी बसून राहू नका.

तुमची,
नाइलाजाने अजूनही तुमचीच,
नलू